माईंचा दोरा

माझ्या थोरल्या जाऊबाई, माई, पापडाच्या लाट्या दोऱ्यानं पाडायच्या. तेल लावलेली उडदाच्या पिठाची लांब वळी पाटावर, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हाताच्या चिमटीत. सटासट लाट्या पडायच्या, सगळ्या एका मापाच्या. मुंबईजवळच्या कोपरीतल्या आमच्या चाळीच्या बायका लाटणं हातात धरून कौतुकानं बघत बसायच्या. मीही बघायची. मला तो दोरा हवा होता.

पीठ मी भिजवायची, मीच कुटायची, पापडखाराचं प्रमाणही माझंच. पण पापडाची कुणी तारीफ केली की सासूबाई म्हणायच्या, "माईचा हात लागलाय ना." जसं काही पीठ आपोआप कुटलं जातं.

"लाट्या लहान-मोठ्या झाल्या की पंगतीतली माणसं लहान-मोठी होतात, कमल," असं माई मला शिकवायच्या. तेही इतकं गोड बोलून, की रागावता येऊ नये. मला त्याचाच जास्त राग यायचा.

मग माईंचा अंगठा मुळाशी, मनगटाजवळ, दुखायला लागला. आधी बरणीचं झाकण उघडेना, पुढे दोराही धरवेना. लेप झाले, शेक झाले. शेवटी मोठे भावोजी त्यांना मुंबईला, नुकत्याच विलायतेहून परतलेल्या एका सर्जनकडे घेऊन गेले. सर्जन म्हणाले, "सांध्यातलं एक लहान हाड झिजलंय, ते काढून टाकू. दुखणं जाईल. चिमटीतला जोर मात्र हळूहळू येईल, पूर्ण येईलच असं सांगत नाही."

चाळीत पोचेपर्यंत 'हाड काढणार'चं 'अंगठा कापणार' झालं. सासूबाईंनी अन्न सोडलं. माईच त्यांना समजावून जेवायला बसवत होत्या. प्लास्टर घालून माई घरी आल्या तेव्हा अख्खी आळी बघायला लोटली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून आला नसेल इतका शिरा त्या आठवड्यात घरात आला. "दुखणं सांगावं, मिरवू नये," म्हणत माई हात पदराखाली घ्यायच्या आणि बायका आणखीच हळहळायच्या.

त्या उन्हाळ्यात दोरा मी धरला. लाट्या चांगल्या पडल्या, हे मी आजही सांगते. पण जी यायची ती विचारायची, "माई कधी बसणार?"

पुढच्या उन्हाळ्यात माई बसल्या. दुखणं गेलं होतं, अंगठा जरासा आखूड दिसायचा. वर्षभर तांदळातले खडे चिमटीनं उचलून त्यांनी जोर आणला होता. त्यांनी दोरा ताणला आणि लाट्या पडू लागल्या, तशाच, एका मापाच्या. मी जळून गेले. अर्ध्या वळीवर त्या थांबल्या.

"कमल, घे बाई. माझ्यानं नाही होत आता."

"होतंय की, माई."

"नाही गं. तुझा हात बसलाय. यापुढं दोरा तुझा."

त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. मी जवळच बसले होते, मला दिसत होतं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बायका म्हणाल्या, "केवढं मोठं मन बघा." आणि मी दोरा घेतला.

माई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अजूनही पापडाला बसलं की नव्या सुनेला कुणीतरी सांगतंच, "कमलताईंना हा दोरा माईंनी आपल्या हातानं दिला." लाट्या मी पाडते, गोष्ट माईंची सांगतात.