अडलेला काटा

प्रभा निकम कुवेतला आली तेव्हा सडपातळ होती, हे नंतर तिला ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटलं नसतं. मूळची साताऱ्याची, शिकलेली लॅब टेक्निशियन. एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर ती रक्त काढायची आणि तपासायची. नवरा हरिश्चंद्र अहमदीला तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. घर फहाहीलला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रणिताच्या जन्मानंतर प्रभाचं वजन चढायला लागलं आणि ते चढतच राहिलं. १९९० उजाडलं तेव्हा घरचा वजनकाटा तिच्यासाठी पुरत नव्हता.

तेरा वर्षांची प्रणिता शाळेच्या फाटकाच्या बरीच अलीकडे गाडी थांबवायला लावायची. "मम्मी, यू स्टे इन द कार," म्हणायची आणि मागे न बघता निघून जायची.

त्याच हॉस्पिटलच्या सर्जनने नवीन ऑपरेशन सुरू केलं होतं. जठराला स्टेपल मारून वरच्या बाजूला अंड्याएवढी पिशवी करायची. चार घास खाल्ले की माणसाचं पोट भरतं. फेब्रुवारीत प्रभाने ते करून घेतलं. शेजारच्या खाटेवर रत्नागिरीकडची शहरबानू होती, तिचंही त्याच दिवशी. बानूचा नवरा जाफर अम्गराला भंगाराच्या यार्डात काम करायचा. तोही फहाहीललाच राहायचा, प्रभाच्या मागच्या गल्लीत, आणि रोज एवढ्या लांब पिकअप घेऊन जायचा.

ऑपरेशनआधी दोघींचं खरं वजन करायला जाफरनेच त्या सगळ्यांना यार्डात नेलं होतं. तिथे तांबं आणि ॲल्युमिनियम तोलायचा जमिनीलगतचा मोठा काटा होता. कामगार हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. बानू चढली, उतरली. प्रभा चढली तेव्हा हरिश्चंद्र जाफरला म्हणाला, "भंगाराच्या भावात किती येतील हो हिचे?" कामगार हसले. जाफर हसला नाही. त्याने काट्यावरचा आकडा मोठ्याने न वाचता प्रभाच्या कानाजवळ सांगितला: एकशेएकवीस.

पहिले तीन महिने वजन भराभर उतरलं. बांगड्या सैल झाल्या, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. लॅबमधल्या बायका रोज काहीतरी गोड बोलायच्या. आणि मे महिन्यात काटा शहाण्णववर येऊन थांबला. आठवडे गेले, तो तिथेच. प्रभा तेच चार घास खात होती, मऊ भात, वरण, उकडलेलं अंडं. शुक्रवारी सकाळी हरिश्चंद्र चहाचा कप घेऊन काट्याशेजारी उभा राहायचा.

"ऑपरेशन नक्की कुणाचं झालं?" तो विचारायचा. "तुझं की शेजारणीचं?"

कारण बानू उतरतच होती. तिच्या गालाची हाडं दिसायला लागली. जाफरने तिच्यासाठी बाजारातून तयार ड्रेस आणला, आयुष्यात पहिल्यांदा दुकानातला ड्रेस तिच्या अंगाला बसला होता. सर्जनने तपासणीच्या दिवशी दोघींना इतर पेशंटांसमोर शेजारी शेजारी उभं केलं. "सर्जन एक, ऑपरेशन एक," तो म्हणाला. "मग फरक कुठे आहे? तोंडात आहे. एक ऐकते आणि एक चोरून खाते."

प्रभाने चोरून काहीही खाल्लेलं नव्हतं. पण सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडाकडे वळल्या तेव्हा तिने खरोखरच ओठ घट्ट मिटून घेतले.

दोघी संध्याकाळी समुद्राकाठी चालायला जायच्या. त्या दिवशी प्रभाने चालता चालता विचारलंच, "बानू, खरं सांग. तू काय करतेस?"

बानू म्हणाली, "करत काय नाय, प्रभाताय. प्वाटात काय ठरतच नाय. खाल्ला का वर येतो. पानी पन येतो."

"रोज?"

"रोज. मार्चपासना. जाफरला सांगू नको हा. केवढा खूष हाय तो."

प्रभाने शब्द दिला. घरी येताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. बानूला जे मिळालं ते फुकट मिळालेलं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि घशात बोटं घातली.

हे तिने पंधरा-वीस दिवस केलं. काटा थोडासा हलला आणि पुन्हा जागच्या जागी आला. एक दिवस हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये उलटीत रक्त दिसलं. दार नीट लागलं नव्हतं. सर्जिकल वॉर्डची सिस्टर चारुशीला आत आली, तिने बघितलं आणि तिथेच प्रभाचे खांदे धरून तिला स्टुलावर बसवलं. चारुशीला नागपूरकडची, बोलायला फटकळ.

"वजन उतरताना मध्ये असं थांबतंच," ती म्हणाली. "पंचवीस किलो गेले ना? शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. ते हातचं राखून ठेवतं. तू आणखी उपाशी मारशील तर आणखी राखेल."

"मग मी करू काय?"

"महिनाभर काट्यावर चढू नको. आधी अंडं, डाळ खा, मग भात. चालणं सोडू नको. आणि फेब्रुवारीत जे जमत नव्हतं त्यातलं आता काय जमतं ते रोज एक आठवत जा. चपलेचा पट्टा वाकून लावता येतो का? येतो ना. मग तेवढ्यावर दिवस काढ. आणि हे ओकणं बंद कर. माणूस याच्याने मरतो."

बानूचं सांगावं, असं प्रभाच्या जिभेवर आलं होतं. शब्द दिला होता, हे न सांगण्याचं एक कारण. दुसरं असं, की सांगितलं असतं तर बानू बरी झाली असती आणि बारीकही राहिली असती. प्रभा उठली, तोंड धुतलं आणि लॅबमध्ये परत गेली.

चारुशीलाचं सांगणं तिने पाळलं. तिला ते अवघड गेलं, कारण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हरिश्चंद्रने काटा पलंगाखालून काढून हॉलमध्ये आणून ठेवला. ती त्याला वळसा घालून जायची. रोज एक आठवायची: चपलेचा पट्टा, बसमधली एकाच माणसाची सीट, शुक्रवारच्या नमाजाआधी बंद होणारं दुकान गाठायला जरासं धावता आलं ते. जुलैअखेर काटा तिथेच असणार हे तिला माहीत होतं, तरी ती चालत होती.

दोन ऑगस्टला इराकी फौज आली.

पहिल्या काही दिवसांत दुकानं रिकामी झाली. खुबूस रोटीच्या रांगा उन्हात रस्ताभर पसरायच्या. चारुशीला पहिल्या काही बसेसमधून बसऱ्याकडे निघून गेली. सर्जन आधीच सुटीवर युरोपात होता. हरिश्चंद्रने घरातलं धान्य कुलपात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. "प्रणिता वाढत्या वयाची आहे," तो प्रभाला म्हणाला. "तुला काय, तुझ्याकडे साठा आहे." तो चेष्टा करत नव्हता. त्याला ते खरंच पटलेलं होतं. रांगेतही तेच. पुढची बाई तिला बघून म्हणाली, "तुम्ही कशाला उभ्या राहता, लहान मुलांना मिळू दे की." नाक्यावरचा सैनिक तिच्या पोटाकडे बोट दाखवून जोडीदाराला काहीतरी म्हणाला आणि दोघे खूप वेळ हसत राहिले.

बानूला त्याच सुमारास चक्कर यायला लागली. तिला एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. भिंत धरून चालावं लागायचं. पायांना मुंग्या, मग बधिरपणा. भीतीने झालं असेल, उन्हाने झालं असेल, असं सगळे म्हणाले. प्रभाला लॅबमध्ये डायबेटिसच्या तपासणीसाठी ठेवलेल्या ग्लुकोजचे डबे आठवले. तिने दोन घरी आणले. बानूच्या पोटात एवढंच ठरत होतं. सकाळ-संध्याकाळ प्रभा तिला ग्लुकोजचं पाणी चमच्याने पाजायची. हातून काहीतरी चांगलं होतंय, याचं तिला समाधान होतं.

आठवड्याभरात बानूचे डोळे एका जागी ठरेनात. बुबुळं आपोआप हलत राहायची. एक दिवस तिने जाफरला विचारलं, तू कोण.

जाफरने तिला उचलून पिकअपमध्ये ठेवलं. प्रभा बरोबर गेली. हॉस्पिटलमध्ये एक इजिप्शियन डॉक्टर उरला होता. औषधांची कपाटं सैनिकांनी रिकामी करून नेली होती, दारं उघडी लोंबत होती. डॉक्टरने बानूच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, पोटावरचा व्रण बघितला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "उलटी होती का? कधीपासून?"

"उलटी नाय होत तिला," जाफर म्हणाला. "खाना कमी हाय, बस."

प्रभा म्हणाली, "मार्चपासून."

जाफरने वळून तिच्याकडे बघितलं.

"आणि आता काय देताय?" डॉक्टरने विचारलं.

"ग्लुकोज. पाण्यातून. मी देते."

डॉक्टरने हातातली बॅटरी बंद केली. मग त्याने सावकाश सांगितलं, समजेल असं. इतके महिने उलट्या झाल्या की अंगातलं एक व्हिटॅमिन संपतं, बी-वन. ते संपलं की मेंदू मरायला लागतो. ते व्हिटॅमिन न देता नुसती साखर दिली, तर उरलंसुरलंही साखर पचवण्यात जातं. "इंजेक्शन एवढं असतं," त्याने करंगळी दाखवली. "जुलैत इथे खोकेच्या खोके होते."

बाहेर पिकअपपाशी जाफरने बानूला बसवलं, दार लावलं. मग म्हणाला, "तुमाला म्हाईत होता, वैनी?"

"हो," प्रभा म्हणाली.

त्याने तिला घरापर्यंत सोडलं, उतरताना दारही उघडून दिलं.

सप्टेंबरअखेर सगळे बाहेर पडले. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या वाळवंटातले तंबू, मग मुंबईचं विमान. तंबूंच्या छावणीत बानूला त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या. जीव वाचला. साताऱ्याला पोचल्यावर प्रभाच्या धाकट्या जावेने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि आत जाता जाता म्हणाली, "उपासमार झाली म्हणतात, पण वहिनींकडे बघून वाटत नाही हो." त्या आठवड्यात प्रभाने काटा बघितला. चौऱ्याण्णव.

फेब्रुवारीत ती रत्नागिरीला गेली. खाडीकाठच्या घराच्या पडवीत बानू बसली होती. नेसलेलं अंगावर लोंबत होतं. शेजारची बाई प्रभाला कौतुकाने सांगत होती, "कशी बारीक झाली बघा. आता कुनाला सांगून पटायचा नाय."

"बानू, ओळखलंस?" प्रभाने विचारलं.

"ओळखला तर. प्रभाताय," बानू हसली. "तू कधी भरती झालीस? उद्या ऑपरेशन ना आपला? मना भीती वाटते गो."

प्रभाने जाफरकडे बघितलं.

"रोज इचारते," तो म्हणाला. "रोज सांगतो, उद्या हाय."

जेवायची वेळ झाली तेव्हा दोघांनी धरून बानूला उठवलं. दारापाशी ती थांबली, चौकट पकडली आणि आडवी होऊन आत गेली, पूर्वी जावं लागायचं तशी. त्या दारातून आता तिच्यासारख्या दोघी एकदम गेल्या असत्या. आत गेल्यावर तिने मागे वळून प्रभाला विचारलं, तू कधी भरती झालीस.

कुवेत इराकच्या तावडीतून सुटल्यावर हॉस्पिटलने जुन्या टेक्निशियनांना बोलावलं. हरिश्चंद्रला कंपनीने अजून बोलावलं नव्हतं. "आधी तू जा," तो म्हणाला. सप्टेंबरमध्ये प्रभा एकटी आली. तेलविहिरी अजून जळत होत्या, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. तोंडाला फडकं बांधून ती संध्याकाळी चालायला जायची.

सर्जन परतला होता, ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली होती. प्रभा त्याच्या खोलीत गेली आणि बानूचं सगळं सांगितलं.

"पेशंटने मला सांगितलंच नाही," तो म्हणाला. "दर वेळी विचारलं, काही त्रास? ती म्हणाली नाही. मला कसं कळणार?" मग चष्मा काढून तिच्याकडे बघत म्हणाला, "तुम्हाला कळलं होतं ना?"

ती खाली आली. तेव्हापासून सर्जनचा पेशंट रक्त द्यायला आला की ती सुईच्या आधी विचारायला लागली: उलटी होते का, पाणी तरी पोटात राहतं का, पायांना मुंग्या येतात का. एकदा वरून तिला ताकीद आली की हे टेक्निशियनचं काम नाही. ती हळू आवाजात विचारायला लागली.

नोव्हेंबरात स्वप्ना नावाची मुंबईची एक तरुण बाई आली. युद्धाच्या आधी ऑपरेशन झालेलं.

"उलटी नाही होत," ती म्हणाली. "पण वजन अडलंय हो. चार महिने काटा हलत नाही. सगळे विचारतात. आता सोडूनच द्यावंसं वाटतं. काय करायचं अशा वेळी?"

प्रभाने तिला सांगितलं. काटा उचलून ठेव. आधी डाळ, अंडं, मग बाकीचं. रोज चाल, कुणी बघो न बघो. मागच्या वर्षी जे जमत नव्हतं आणि आता जमतं, असं रोज एक तरी आठव. लोकांना दिसणार नाही, पण आतून शरीर सावरत असतं. भलत्या उपायाने वजन खाली आणू नको. मीही दीड वर्ष याच जागी आहे, आणि रोज चालते.

स्वप्नाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हणजे तुमचं पण तेच ऑपरेशन?" ती म्हणाली. "मग तुमचंच उतरलं नाही, तुम्ही मला काय सांगणार?"

प्रभाने तिच्या दंडाला रबराची पट्टी बांधली, शीर चाचपली.

"मूठ आवळा," ती म्हणाली.