ठाण्याला म्हणजे कुठं?

आमच्या बोईसरच्या चाळीत "ठाण्याला" हा शब्द मिठासारखा वापरायचे. कुणाची भाजी करपली की शेजारीण म्हणायची, लक्ष कुठंय बाई, ठाण्याला पाठवायची वेळ आली तुला. नवऱ्याने उलटा बनियन घातला की ठाण्याला, पोरगं एकटंच हसलं की ठाण्याला. तिकडं वेड्यांचं मोठं इस्पितळ आहे, हे इकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. मीही म्हणायचे, आणि मजेत म्हणायचे. पुढं तो शब्द आमच्याच घरात शिरला आणि त्याची सगळी मजा गेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे आणि माझा धाकटा दीर दोघंही औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, वेगवेगळ्या पाळ्यांना. लागून लागून दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. मी आणि जाऊ, दोघी साताऱ्याकडच्या, पण मी तालुक्याच्या गावातली आणि ती पार आतल्या वाडीतली, एसटीसुद्धा जायची नाही तिथली. तिची आई लहानपणीच गेलेली. म्हणून तिचं पहिलं बाळंतपण माहेरी न होता माझ्याकडेच झालं. मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू केले, शेक दिला, पोरीला न्हाऊमाखू घातलं, कशात म्हणून कमी केलं नाही. सासू असती तरी तिने एवढं केलं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

पण बारसं झालं आणि तिची झोप उडाली. आधी पोरीमुळे असेल म्हटलं. मग पोर झोपलेली असतानाही ही टक्क जागी. पाणी कडू लागतंय म्हणायची. आता बोईसरचं पाणी आणि हवा, दोन्हींना कसला ना कसला वास असतोच, त्यामुळे मी तेही मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी तिची विळी सापडेना. शोधून शोधून पाहते तर पत्र्यावर टाकलेली. सुरीही तिथंच. विचारलं तर म्हणाली, घरात नको. पोरीला जवळ घेईना. दूध पाजायला मीच तिच्या मांडीवर द्यायची, ती हात मागं धरून बसायची आणि भिंतीकडं बघायची. पोर भुकेली असायची, तिला काय कळतंय? ती प्यायची. मला ते बघवायचं नाही.

दीर स्वभावाने वाईट नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिल्या पाळीहून घरी आला, चूल पेटलेली नाही, बायको कोपऱ्यात, पोर माझ्याकडं. दारात उभा राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा म्हणाला, "हिला आता ठाण्यालाच न्यायला पाहिजे. उद्याच नेतो."

जाऊ फक्त उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

दुसऱ्या दिवशी मी नळावरून आले तर पोर आमच्या झोळीत निजलेली. स्वच्छ पुसलेली, कोरडं दुपटं, डोळ्यांत काजळ घातलेलं. आणि दुपट्याच्या गाठीत मंगळसूत्र. माझ्या हातातली कळशी तिथंच आपटली. आम्ही सगळ्या बायका धावत सुटलो. तिला रेल्वेच्या गँगमननी स्टेशनच्या पलीकडं रुळांजवळ बसलेली पाहिलं होतं आणि हाताला धरून परत आणत होते, ती वाटेतच भेटली. पायात चप्पल नव्हती. मी तिला धरलं आणि पहिल्यांदा पाठीत एक धपाटा घातला, मग मिठी मारून रडले. ती रडली नाही.

त्या दिवशी घरात सगळं ठरून गेलं. दीर तर पुढचंही बोलू लागला होता. हिला ठाण्याला ठेवायचं, पोरीला गावाकडं चुलतीकडं धाडायचं, आणि मग बघू. त्या "मग बघू"चा अर्थ मला चांगला समजत होता. बाईवर एकदा तो शिक्का बसला की नवरा दुसरी आणायला मोकळा. पोर आईवाचून वाढणार आणि आई पोरीवाचून. ह्यांना म्हटलं, तुम्ही थोरले आहात, काहीतरी बोला. हे म्हणाले, मी काय बोलू, मला काय कळतंय त्यातलं. पुरुषाला एकदा "मला काय कळतंय" म्हणता आलं की सुटला तो.

वाट काढली ती आमच्या म्हावरेवालीने. दातिवऱ्याची होती, टोपली घेऊन चाळीत यायची. मी त्या दिवशी मासे घेतले नाहीत, तर का म्हणून विचारत आत आली. तिने जाऊला पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पालघरकडल्या माहीमला ने हिला. माझी बहीण हाय तिथं. वाडीत घर हाय, अशाच बायांसाठी. डॉक्टरीण पण येते पालघरवरनं. कडी नाय त्या घराला."

कडी नाही, हे ती दोनदा म्हणाली. मला वाटलं, गरिबाचं घर असेल, कडी तुटली असेल.

दिराशी मी भांडले ते सगळ्या चाळीने ऐकलं. म्हटलं, भावजी, आठ-पंधरा दिवस मला द्या, नाहीच जमलं तर मग करा तुम्हाला काय करायचं ते. तो थकला होता, हो म्हणाला. पोर काखोटीला मारून मी जाऊला घेऊन निघाले, आधी पालघर, मग तिथून माहीमची एसटी. सगळ्या वाटेत ती मांडीवर दोन्ही मनगटं एकावर एक जुळवून बसली होती. मी हात सोडवले, तिने पुन्हा जुळवले. पदर सरकला तरी सावरला नाही. मी मनात म्हटलं, गेली ही आता कामातून.

घर नारळाच्या वाडीत होतं, पुढं पडवी, मागं विहीर. पालघरच्या एका डॉक्टरीणबाईंनी गावातल्या तीन-चार बायांना हाताशी धरून ते चालवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की माणसाचा तोल अचानक जातो तेव्हा लगेच त्याला घरादारापासून लांब नेऊन कोंडायचं नाही, गावातच, माणसांत, कुणाच्या तरी सोबतीने ते दिवस काढायचे. गोळ्या त्याही द्यायच्या, त्यात काही लपवाछपवी नव्हती. ज्याला त्यानेही भागत नसे त्याला त्या स्वतः इस्पितळात घेऊन जात. पण आधी सोबत. येणाऱ्याबरोबर घरचं एक माणूस राहायचं. जागरणाच्या पाळ्या लावलेल्या असत, अगदी कारखान्यासारख्या. आणि खरोखरच दारांना बाहेरून कडी नव्हती, मुद्दाम काढून टाकलेली.

म्हावरेवालीच्या बहिणीला सगळे मावशी म्हणत. तिने जाऊला काय झालं, कधीपासून, असं काही विचारलं नाही. पडवीत विड्याच्या पानांचा ढीग होता. लहान-मोठी पानं वेगळी करून गड्ड्या लावायच्या. तिने थोडी पानं जाऊपुढं सरकवली आणि आपलं काम करत राहिली. जाऊने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मनात चरफडत होते. ज्याचं जळतं त्याला कळतं. इथं बाई मरणाच्या दारातून आली आहे आणि ह्या पानं निवडताहेत! डॉक्टरीणबाई येऊन तपासून गोळ्या देऊन गेल्या. त्याने ती जरा झोपली एवढंच.

मग एका दुपारी मी विहिरीवर दुपटी धूत होते. पडवीतलं बोलणं ऐकू येत होतं. जाऊ आपणहून म्हणाली, "पोलीस कधी येणार?"

मावशीने पान खाली ठेवलं नसावं, कारण तिचा आवाज होता तसाच होता. "कोन पोलीस? इथं नाय कोन येत."

"ठाण्याला न्यायचं ठरलंय मला. घरचे म्हणाले."

मग तिने सांगितलं. तिच्या वाडीत ठाणं म्हणजे पोलीस ठाणं, दुसरं काही नाही. तिच्या चुलत्याला कसल्याशा आळावर ठाण्यात नेलं होतं, तो परत आला तो लंगडत, आणि पुढं कधी सरळ चालला नाही. मावशीने विचारलं, पण तुला का नेतील, तू केलंस काय? मग ती म्हणाली की विळी बघितली की मनात वाईट येतं. पोरीबद्दल. आपण नको म्हणतो तरी येतं. म्हणून विळी पत्र्यावर टाकली, पोरीला हात लावायचा सोडला. आणि तरी नवऱ्याला कळलंच. कळलं म्हणून तर तो ठाण्याला न्यायचं म्हणाला.

मी दुपटं तसंच टाकून आत धावले. एसटीतली ती जुळवलेली मनगटं! बाई बेड्यांची तयारी करून बसली होती, आणि मी शेजारी बसून ते हात सोडवत होते. आमच्याकडं साताऱ्यात वेड्याला "येरवड्याला पाठवा" म्हणतात, तिथल्या वेड्यांच्या इस्पितळावरून. ठाण्याचं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इतक्या दिवसांत एकालाही सुचू नये की बाई, तुला नेमकी भीती कसली वाटते?

मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "अगं ठाणं म्हणजे इकडचं येरवडा. येडी झालीस म्हणत होते तुला. पोलिसांचं काही नाही त्यात."

तिने माझ्याकडं बघितलं. "येडी? एवढंच?"

आणि हसली हो! बारशानंतर पहिल्यांदा. येडी म्हणतात, म्हणजे गुन्हेगार नाही, म्हणून सुटल्यासारखी हसली. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. मावशी म्हणाली की मनात येतं ते पुष्कळ बायांच्या येतं, त्या इथं येऊन सांगतात आन जातं ते हळूहळू. मनात आलं म्हंजे केलं नाय.

लगेच बरी झाली असं मात्र नाही. मध्येच पुन्हा दोन-चार दिवस भिंतीकडं बघण्यात गेले. दीर भेटायला आला, तर मावशीने त्यालाही पानं निवडायला बसवलं. मी त्याला वाडीत नेऊन सगळं सांगितलं. तो माडाला पाठ लावून खाली बसला आणि रडला. पुन्हा चुलतीचं नाव काढलं नाही. महिन्याभराने जाऊ स्वतः पोरीला छातीशी धरून एसटीत चढली. गोळ्या पुढंही चालू राहिल्या.

ते घर फार वर्षं टिकलं नाही. गावातले काहीजण त्याला वेड्यांची वाडी म्हणू लागले. मग डॉक्टरीणबाई आजारी पडून मुलाकडं गेल्या, वाडी मालकाने विकली, मावशी दातिवऱ्याला परत गेली. मला फार राग आला होता. अजून आहे. चांगली गोष्ट बंद पडली की कुणाची झोप उडत नाही.

नव्वदच्या पुढं जाऊला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. बारसं झालं, आणि एके दिवशी सकाळी ती माझ्या दारात. काखेत बाळ, मागं परकरातली थोरली पोरगी, आणि हातात फडक्यात गुंडाळलेली विळी. ती उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "अक्का, पुन्हा यायला लागलंय."

मी विळी माळ्यावर टाकली. ह्यांना पालघरच्या डॉक्टरांकडं पिटाळलं, आणि या खेपेला काय सांगायचं तेही पढवलं. शेजारणींना पाळ्या लावून दिल्या, कोण कधी बसणार ते. थोरल्या पोरीने माझा पदर धरला आणि विचारलं, आईला कुठं नेणार? तिच्या कानावरही तो शब्द कुणीतरी घातलाच असणार.

जाऊ माझ्या तोंडाकडं बघत होती. "ठाण्याला नाही ना?"

"नाही."

"येरवड्याला?"

"कुठंच नाही. इथं बस. विड्याची पानं नाहीत, मेथी आहे."

मी दार सताड उघडं ठेवलं आणि जुडी सोडून तिच्यापुढं पसरली. तिने बाळ माझ्याकडं दिलं आणि निवडायला घेतली. तिचं लक्ष नव्हतं. पानं कचऱ्यात जात होती आणि देठ ताटात. मी ताट तसंच चुलीकडं नेलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी देठांची भाजी खाल्ली.