मिठाने नासलेला कॅरम बोर्ड

ह्यांनी माझा कॅरम बोर्ड मिठाने नासवला.

आज ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्या बोर्डाचा राग येतो. येऊ देते. राग आला की घरात अजून कोणीतरी आहे असं वाटतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही पनवेलला दोन खोल्यांत राहायचो. हे खाडीकाठच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. गाव मिठागरांचं.

चौथीला बल आणि गती शिकवायची होती. शाळेत सामान म्हणजे एक फळा आणि पाण्याचा माठ. म्हणून हे माझा बोर्ड मागायला आले.

बोर्ड भावाने लग्नात दिलेला. माहेरी मी गल्लीतल्या सगळ्या मुलांना हरवायचे. ह्यांना खेळता यायचं नाही. स्ट्रायकर खडू धरल्यासारखा धरायचे.

"संध्याकाळी परत आणा," एवढंच म्हटलं. एसटीत मांडीवर उभा धरून घेऊन गेले.

वर्गात आधी नुसत्या बोर्डावर स्ट्रायकर मारला, मग पावडर टाकून. पावडरीवर लांब गेला, कारण घर्षण कमी झालं. मग ह्यांनी मुलांना विचारलं, पावडर नसेल तर काय टाकाल?

वनिता नावाची मुलगी म्हणाली, मीठ.

दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. हे म्हणाले, उद्या घेऊन ये.

बोर्ड त्या संध्याकाळी घरी आलाच नाही.

शनिवारी तिने आजीकडून कुटून घेतलेलं बारीक मीठ आणलं. स्ट्रायकर सुसाट गेला. वर्ग खूश, सर त्याहून खूश. त्या नादात बोर्ड पुसायचा राहिला आणि शाळेतच राहिला. खाडीची हवा. मिठाला पाणी सुटलं. सोमवारी बोर्ड मधोमध फुगलेला.

तो तसा घरी आणून मला म्हणाले, "पण पोरगी बरोबर होती. तू बघायला हवं होतंस."

"बोलावलं होतंत का मला?"

मी बोलणं बंद केलं.

ह्यांनी तेही वर्गात सांगितलं. बोर्ड नासला म्हणून घरी बाईंनी अबोला धरलाय, मला रोज पिठलं-भात मिळतोय. पोरं हसली. वनिता हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

अबोल्यात हे कपाटाशी बोलायचे, मला ऐकू जाईल असं. एकदा कपाटाला सांगितलं, वनिता आठ दिवस येत नाही. आणायला गेलो तर आजीने दार लावून घेतलं. आता पोर मिठागरावर कामाला जाईल. एकदा गेली की परत यायची नाही.

कपाट काय बोलणार.

पुढे एक दिवस ह्यांची पंचायत समितीत मीटिंग होती. मी स्ट्रायकर पर्समध्ये टाकला आणि एसटी धरली.

वनिताची आजी अंगणात होती. सरांची बायको म्हटल्यावर उठून उभी राहिली.

"बाई, पोरीनं तुमची वस्तू नासवली. आता कोनत्या तोंडानं शालंत धाडू तिला?"

मी म्हटलं, बोर्डाचं राहू द्या. मिठावर स्ट्रायकर पळतो म्हणे. मला ते काही पटत नाही.

दाराआड वनिता होती. ती बाहेर आली. पटत नाही म्हटलेलं लागलं असावं.

अंगणात एक जुनं दार आडवं टाकलं होतं, त्यावर सुकट वाळत होती. तिने ती बाजूला सारली. मी स्ट्रायकर मारला. वीतभर जाऊन थांबला. मग तिने मीठ पसरलं. परत मारला तर दार ओलांडून थेट कोंबड्यांत.

आजीने तोंडाला पदर लावला. म्हणाली, बाईचा हात भारी हाय.

"का गं पळतो?" मी वनिताला विचारलं.

"खालून मिठाचे दाने गरगर फिरतात ना. त्याला धरून ठेवायला कोन नाय."

मी सातवी नापास. घर्षण मला त्या पोरीने शिकवलं, ह्यांनी नाही.

निघताना तिला म्हटलं, उद्या शाळेत जा. आणि मी आले होते हे सरांना सांगू नको. अबोला माझ्याकडून मोडला असं व्हायला नको होतं, दुसरं काही नाही.

घरी येऊन ह्यांच्या पुस्तकातला तो धडा वाचला. पुस्तकात मीठ नव्हतं. पण वाचत राहिले. चौथीचं संपलं, मग पाचवीचं काढलं. वाचायची सवय तिथून लागली. हल्ली दिवस त्यावरच निघतो.

दुसऱ्या दिवशी हे चपला न काढताच आत आले.

"वनिता आली. आपणहून आली."

इतका आनंद ह्यांच्या तोंडावर मी फार वेळा पाहिला नाही. मी चहा टाकला. बोलणं सुरू झालं.

पुढे ती ह्यांची गोष्ट झाली. पाहुण्यांना सांगायचे, नव्या शिक्षकांना सांगायचे. निरोप समारंभातही सांगितली. म्हणाले, मुलाला धडा आवडला की ते आपणहून परत येतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

अहो, ती आपणहून आली नव्हती. मी गेले होते आणायला.

मीटिंगहून तुम्ही घरी आलात तेव्हा माझ्या साडीला मीठ लागलेलं होतं, हाताला सुकटीचा वास होता. दिवसभर कुठे होतीस, एवढं विचारलं असतंत तर अबोला असूनही सगळं सांगितलं असतं.

त्यानंतरही इतकी वर्षं वाट बघितली. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

आता विचारणारंच कोणी नाही, म्हणून इथे लिहिलं.

माझा नमस्कार घ्या.