ब्रेकबाईची ऑफर

मोबाइल कंपनी सोडायची म्हणून तुम्ही कधी फोन केलाय? केला असेल तर ब्रेकबाईशी तुमची गाठ पडली असणार, आणि पडली असेल तर तुम्ही अजून त्याच कंपनीत असणार. तिचं कामच ते. सोडून जाणाऱ्याला थांबवायचं. तावातावाने निघालेला माणूस तिच्यापाशी आला की त्याला हटकून ब्रेक लागायचा, म्हणून ऑफिसात सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे.

एकदा एक गृहस्थ फोनवर नुसते ओरडत होते. रेंज नाही, डेटा दुपारपर्यंत संपतो, आमच्या शेजाऱ्याला त्या दुसऱ्या कंपनीने बघा कसा छान प्लॅन दिलाय. ब्रेकबाईने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुमचा आवाज बसलाय हो. जरा पाणी पिऊन या, मी थांबते." गृहस्थ पाणी पिऊन आले आणि आधीपेक्षा मोठा प्लॅन घेऊन गेले. आता बोला!

तिची रीत साधी होती. आधी ऐकायचं. मग खरं कारण काढायचं, कारण माणूस पहिल्या झटक्यात सांगतो ते कारण खरं नसतंच. ते सापडलं की त्याला हवं ते थोडं पुढे सरकवायचं. फक्त एका वाक्याला ती टरकून असायची. गिऱ्हाईक "विचार करून सांगते" म्हणालं, की ते हातचं गेलं. भांडणारी माणसं राहतात हो, विचार करून सांगणारी काही परत फोन करत नाहीत.

आणि अशी ही बोलघेवडी बाई घरी आल्यावर काय करायची? काही नाही. चपला काढायची, पंखा लावायची आणि तोंड मिटून बसायची. घरात दोघीच, ती आणि तिची आई. आई तिला घुमी म्हणायची.

आईला मात्र बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. दिवसभर घरात कोणी नाही, मग ती दुकानं गाठायची. टूथब्रश घ्यायचा तर अर्धा तास. मऊ का कडक, मूठ जाड का बारीक, मागच्या वेळचा कसा झिजला, आणि मधल्या मधे दुकानदाराच्या सुनेची चौकशी. दुसऱ्या दिवशी तोच ब्रश बदलायला पुन्हा हजर! लोक म्हणायचे, म्हातारी भलती चोखंदळ. चोखंदळ कसली डोंबलाची! दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून सगळा खटाटोप.

संध्याकाळी ती लेकीकडून काही निघतंय का बघायची.

"साबण कुठला आणू गं?"

"कुठलाही."

"भाजी काय करू?"

"काहीही."

"कोपऱ्यावर नवीन हॉटेल उघडलंय. जायचं का एकदा जेवायला?"

"बघू."

ब्रेकबाईचा घसा खरोखरच दुखायचा. दिवसभर जगाच्या आवडीनिवडी कानात ओतून घेतल्यावर स्वतःसाठी साबण निवडायचंही त्राण उरायचं नाही. पण हे तिने आईला कधी सांगितलं का? नाही. सांगायचं म्हणजे बोलावं लागतं ना!

मग एका सोमवारी चहाचा कप पुढ्यात ठेवताना आई म्हणाली, "रविवारी मी तुझ्या दादाकडे जाते. कायमची. त्याचं घर भरलेलं आहे, सूनही बोलकी आहे."

ब्रेकबाईने घरभर नजर फिरवली. या दोन खोल्या, हा पंखा, आणि रविवारनंतर भाजी काय करू हे विचारायलाही कोणी नाही. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. हजारोंना म्हटलं होतं की तिने! तोंडातून बाहेर काय पडलं? "हं."

आईने कपाटावरची बॅग खाली काढली. मंगळवारी त्यात कपडे गेले, बुधवारी औषधांचा डबा. ब्रेकबाई येता-जाता बॅगेकडे बघायची.

गुरुवारी दुपारी तिच्या कॉम्प्युटरवर एक नंबर उमटला. आईचा! नातेवाइकांचा फोन आला तर तो शेजारच्या टेबलाकडे द्यायचा, असा नियम होता. सुपरवायझरला खूण करायला तिने हात वर केला, आणि का कोण जाणे, खाली घेतला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" कामाचा तो गोड आवाज आपोआप लागला.

"नंबर बंद करायचाय," आई म्हणाली. "मुलाकडे राहायला चाललेय."

"ऐकून वाईट वाटलं. आपण किती वर्षं आमच्यासोबत आहात?"

"एक्केचाळीस."

कंपनी तर अजून विशीतही नव्हती. एक्केचाळीस वर्षांची होती ती ब्रेकबाई. आईने तिला पहिल्याच शब्दाला ओळखलं होतं! ब्रेकबाईने हेडफोन घट्ट धरला. समोर चिकटवलेल्या कागदावरचं पुढचं वाक्य तिने वाचलं. "आमच्या सेवेत काही कमी पडलं का?"

"सेवेला नावं नाही ठेवणार. औषधं वेळेवर आणते, काही कमी पडू देत नाही. पण रेंज नाही हो अजिबात! मी एवढी बोलते, ते पलीकडे पोचतंय की नाही काही कळत नाही. नुसतं हं, हं."

"खरं... खरं कारण सांगाल का?"

आता मात्र आईचा सूर बदलला. "अगं, सोमवारपासून रोज फोन लावतेय. दर वेळी दुसरीच कोणीतरी उचलते. एकीने तर नको तो प्लॅन माझ्या गळ्यात मारला! आज एकदाची तू लागलीस. परक्यांना थांबवतेस म्हणे. आईला थांबवतेस का, ते बघायचं होतं."

ब्रेकबाईला रडू फुटलं. भर ऑफिसात, हेडफोन लावून. "आई, जाऊ नकोस गं! मला नाही करमणार तुझ्याशिवाय."

आईने घसा खाकरला. "ऑफर काय आहे?"

"रोज संध्याकाळी गप्पा. अर्धा तास."

"अर्ध्या तासात काय होतंय?"

"बरं, अनलिमिटेड."

"अटी?"

"आल्या आल्या थोडा वेळ गप्प बसू द्यायचं. घसा फार दुखतो गं."

"अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचं!"

"आणि आज कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवण."

"विचार करून सांगते," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गेलं! ब्रेकबाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मागे उभ्या सुपरवायझरने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "ही ऑफर आपल्या कुठल्या प्लॅनमध्ये आहे?" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "जा तू घरी. मी बघतो इथलं."

घरी बॅग पलंगावर तशीच, आता चेनही लावलेली. आई बाहेर जायचे कपडे घालून तयार. "चल, भूक लागलीय," एवढंच म्हणाली. रविवारचं विचारायची ब्रेकबाईची छाती होईना.

हॉटेलात वेटरने मेनूकार्ड पुढे केलं. आईने सवयीप्रमाणे त्याची उलटतपासणी सुरू केली. मासा आजचा का कालचा, सूप पातळ का दाट, तुझं गाव कुठलं. मग लेकीकडे बघून म्हणाली, "तुला काय गं? काहीही?"

"नाही. मला सूप. दाट, आणि मिरी कमी. आणि मासा भाजलेला, तळलेला नको."

वेटरने लिहून घेतलं आणि सुटलो म्हणत पळाला. आईचे डोळे मात्र लेकीवरून हलेनात. ब्रेकबाई बोलायला लागली ती लागलीच. पाणी पिऊन आलेले गृहस्थ सांगितले, रात्री दुखणारे कान सांगितले. सूप आलं, त्यावर साय धरली, तरी हिचं चालूच. शेवटी तिने बळ एकवटून विचारलं, "आई, रविवारचं काय ठरवलंस?"

"जाणार ना. बॅग भरलीच आहे. आठ दिवस राहून येते." आईने रुमालाला हात पुसले. "रिचार्जवाल्याकडून परतीचं तिकीटही काढून घेतलं दुपारी. तासभर बसले होते त्याच्या दुकानात, वैतागला बिचारा."

ब्रेकबाईने एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. आणि पुन्हा जी सुरू झाली! आठ दिवस कशाला, चार पुरेत, दादाला मी समजावते, आल्यावर दुसऱ्या एखाद्या हॉटेलात जाऊ, साबण या वेळी मी निवडते.

आईने चमचा खाली ठेवला.

"घुमे, आता जरा गप्प बस," ती म्हणाली. "मला जेवू दे."