पंचगंगेची रीत तपासायला नॉटिंगहॅमला

आमच्याकडे केंब्रिजला भारतातून कुणी आलं की कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस लंडन आणि तिथला राजवाडा, एक दिवस इथली कॉलेजं आणि नावेतली चक्कर, एका शनिवारी लंडनच्या एजवेअर भागात जाऊन चाट आणि महिन्याची भाजी. माझे वडील, म्हणजे आबा, ऑक्टोबरात कोल्हापूरहून आले तेव्हा मी हाच कार्यक्रम कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "राजवाडा कुठं पळून जात न्हाई. आदी नॉटिंगहॅम."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या गावात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. जिथे पैलवान घुमतात त्याच तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि माणूस ज्या पेठेत जन्मला त्या संघाचा मरेपर्यंत असतो. आबा आमच्या पेठेचे आधी गोलकीपर, मग कोच, आणि आता सगळ्या संघाचे 'मामा'. दर मोसमाच्या सुरुवातीला ते खेळाडूंना एकच गोष्ट सांगत आले. इंग्लंडात नदीकाठचं एक मध्यम गाव. तिथला क्लब खालच्या श्रेणीतून वर आला, देशाची लीग जिंकली आणि मग सलग दोन वर्षं युरोपचा कप घरी घेऊन आला. मोठमोठ्या शहरांचे क्लब बघत राहिले. आणि हा संघ म्हणे प्रत्येक मोठ्या सामन्याआधी नदीवर जाऊन बूट आणि पाय धुवायचा, कॅप्टन सगळ्यात शेवटी.

म्हणून आमचा संघही धुतो. मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी पहाटे पंचगंगेच्या घाटावर सगळे उतरतात, कॅप्टन शेवटी. चाळीस वर्षं एकदाही चुकलेलं नाही.

यंदा संघाला नवा कोच मिळाला, रणजित. हुशार आहे, रीतसर कोर्स करून आलाय, आणि त्याने इंटरनेट पालथं घातलं तरी त्याला या पाय धुण्याचा पत्ता लागला नाही. तालमीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मामा, निघालाच हायसा तर तिथनं पुरावा आणा. नसंल तर यंदापासनं घाट बंद. ती पहाट मी वॉर्मअपला वापरतो." आबा म्हणाले, "आणतो की." हा शब्द देऊनच ते विमानात बसले होते.

मी गुरुवारी सुट्टी टाकली. जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: केंब्रिजहून सरळ गाडी नाही. ईलीला उतरून गाडी बदलायची, तिथून नॉटिंगहॅमपर्यंत बसून राहायचं. सगळे मिळून अडीच तास धरा. तिकीट आगाऊ काढा, आणि बरोबर साठीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांचं सीनियर रेलकार्ड आधी करून घ्या, एकतृतीयांश पैसे वाचतात. स्टेडियमची टूरही ऑनलाइनच बुक करावी लागते, आणि सामन्याच्या दिवशी ती नसते. खिडकीची जागा डाव्या बाजूला मिळाली तर ईलीचं कॅथेड्रल सपाट शेतांतून बराच वेळ दिसत राहतं. आबांनी ते बघितलं नाही. ते भडंगाची पुडी उघडून मला प्रश्न घोकायला लावत होते.

"पयलं विचार, नदीवर कोण कोण जायचं. मग विचार, किती वाजता."

"आबा, आधी विचारू की जायचे का?"

"जायचेच. ते काय विचारतीस."

त्यांनी हे खिडकीकडे बघत म्हटलं. मला तेव्हाच जरा शंका यायला हवी होती.

स्टेशनपासून स्टेडियम चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. ट्राम किंवा बस घेऊ नका, चाला. रस्ता रुक्ष आहे, दोन्ही बाजूंना गोदामं आणि गाड्यांची दुकानं, पण शेवटी एकदम ट्रेंट नदीवरचा पूल येतो आणि पलीकडे डाव्या हाताला लाल स्टँड. आबा पुलाच्या मधोमध थांबले आणि त्यांनी टोपी काढली. मागून येणाऱ्या सायकलवाल्या बाईने घंटी वाजवली, मग त्यांचा चेहरा बघून उतरून बाजूने गेली.

"नदी हाय बघ," आबा म्हणाले. "म्या सांगितल्याली तशीच."

टूरला आम्ही नऊजण होतो. गाइड डेरेक, वय पंचाहत्तरच्या आसपास, लहानपणापासून याच स्टँडमध्ये बसलेला. इथली माणसं सगळ्यांना 'डक' म्हणतात, प्रेमाने. डेरेकने आबांनाही म्हटलं. त्याचा अर्थ मी सांगितल्यावर आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच म्हटलं होतं. पण ड्रेसिंग रूममध्ये दोघांचं जमलं. डेरेक जुन्या सामन्यांचे गोल हातांनी उलगडून सांगत होता आणि आबांना भाषांतर लागत नव्हतं. गोलकीपरने उडी कुठून घेतली हे आबांनी तिथल्या तिथे वाकून दाखवलं, तर डेरेक म्हणाला, "अगदी अशीच."

मैदानात गवतावर पाय ठेवायचा नाही, हे तीनदा बजावून सांगतात. आबा पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभे राहिले, खाली वाकले आणि बोटांची टोकं गवताला लावून कपाळाला लावली. तालमीत आत शिरताना लाल माती लावतात तशी. डेरेकने बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

मग कपाटातले ते दोन चांदीचे कप. लोक फोटो काढत होते. आबांनी मला कोपराने ढोसलं. "विचार आता."

मी विचारलं. डेरेकने सगळं नीट ऐकून घेतलं, हसला नाही. म्हणाला, "नाही हो. मी इथे पासष्ट वर्षं येतोय. बूट साफ करायला ज्युनिअर खेळाडू असायचे, आत, गरम पाण्याने. नदीवर कुणी गेल्याचं मी तरी कधी बघितलं नाही. का?"

मी मराठीत सांगायला आबांकडे वळले, पण त्यांना 'नो' कळलेलं होतं. त्यांनी डेरेकचा हात हातात घेतला, "थँक्यू सर" म्हणाले आणि बाहेर चालू लागले.

मला राग आला होता, खरं सांगते. डेरेकवर नाही, रणजितवर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळ्यांसमोर पुरावा मागायचा म्हणजे काय?

पूल परत ओलांडून अलीकडे आलो की नदीकाठाने लांबलचक दगडी पायऱ्या आहेत, थेट पाण्यात उतरणाऱ्या. बघितल्यावर कुठल्याही कोल्हापूरकराला घाटच वाटेल. तिथे बसून आम्ही चिप्स आणि मऊ वाटाणे खाल्ले. इथे वाटाण्यावर पुदिन्याचा आंबटगोड सॉस घालतात, नॉटिंगहॅमला आलात तर चुकवू नका. आबांनी दोन घास खाऊन सांगितलं की मिसळ आहे पण कट विसरलेत. मला वाटलं, चला, सावरले. मग ते बोलले.

"मला ठावं हुतं गं."

"काय?"

"न्हाव्याच्या दुकानात मासिक हुतं. त्यात फोटू. मैदान आन शेजारी नदी. एवढंच. पाय धुन्याचं म्या पदरचं घातलं."

मी चिप्सचा डबा खाली ठेवला.

"नवाच कोच झालतो. माझ्याच वयाची पोरं, ऐकायची न्हाईत. दोन गट, आपसात बोलायचं बंद. सारखं हरत हुतो. म्हनलं ह्यांस्नी एकदा एका जागी वाकवावं. म्या सांगितलं तर कोन वाकतंय? म्हनून म्हनलं, युरोपचा चॅम्पियन वाकतोय. आन त्या वर्साला कप मारला आमी." ते पाण्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्सं सांगून सांगून मलाच खरं वाटाय लागलं. इथं येऊन बघावं म्हनलं, कुनी सांगावं, धूत बी असतील."

हा माणूस आम्हाला लहानपणी खोटं बोललो की उंबऱ्यात उभं करायचा.

मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून खिशात घातले आणि पँट दुमडली. ऑक्टोबरचा शेवट होता. म्हटलं, आबा, सर्दी होईल. ते दोन पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहिले आणि मागे वळले. "ये की. तू बी ये."

पेठेतल्या मुलींना घाटावर नेत नसत. मी लहान असताना दर वर्षी दारात उभी राहून त्यांना जाताना बघायचे, आणि दर वर्षी रडायचे. चौतिसाव्या वर्षी ट्रेंटमध्ये पाय घातले तेव्हा पाणी इतकं गार होतं की ओरडलेच. कॅप्टनसारखं शेवटी कोण उतरलं ते माझ्या लक्षात आलं, आबांच्याही आलं असावं.

परतीच्या गाडीत त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला आणि तालमीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज लावून द्यायला सांगितलं. मला वाटलं होतं, काहीतरी गोलमोल बोलतील. त्यांनी सरळ सांगितलं. "रणजित, पुरावा न्हाई. इथं कोन धूत न्हवतं. म्याच सांगितलं हुतं, खोटं. घाट बंद करायचा तर कर, माझं म्हननं न्हाई." पीटरबरो गेलं, ईली आली, ग्रुपवर एकाही माणसाने उत्तर दिलं नाही. आबा मांडीवर टोपी ठेवून बसले होते. अख्ख्या प्रवासात ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाश्ता करत होतो तेव्हा रणजितचा फोन आला. आबांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना दुसरं काही जमत नाही.

"मामा, तारीख कळवायला फोन केला. आठ डिसेंबर, पहाटे साडेपाच, घाटावर."

आबा म्हणाले, "आरं, मेसेज ऐकलास न्हवं? ते लोक धूत न्हवते."

"ऐकला की. सगळ्यांनी मिळून ऐकला, तालमीत बसून." रणजित म्हणाला. "मामा, ते धुत्यात म्हनून आमी कवा धूत हुतो? तुमी सांगितलं म्हनून धूत हुतो. यायचं तेवडं बघा."

आबांनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. मग मला म्हणाले, "माझं तिकीट जरा अलीकडं घेता येतंय काय बघ."

मी लॅपटॉप उघडला आणि एकाऐवजी दोन तिकिटं शोधायला लागले.