आबांसाठी केलेला नाच

स्टाफरूममध्ये चहा पिताना उज्ज्वला खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवायची आणि हळूच टाचा उचलायची. कपातला चहा हलतसुद्धा नसे. जळगावच्या आमच्या शाळेत ती नृत्यशिक्षिका म्हणून आली, तेव्हा मुलींपेक्षा आम्ही बायकाच तिच्याकडे बघत राहायचो.

ती मूळची धरणगावची. वडील, म्हणजे आबा, अमळनेर डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. मुंबईत शिकायला गेलेली ही मुलगी बॅलेच्या वर्गात शिरली आणि पुढे परदेशातल्या एका बॅले कंपनीत कितीतरी वर्षं नाचली. मग खुब्याचा सांधा झिजला. डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या. त्याच सुमारास आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती परतली.

दुखण्याची चौकशी तिला आवडत नसे. "ताई, कष्ट दिसले की नाच संपला," म्हणायची. मुलींना सांगायची, "उडायचंय ना? मग आधी जमीन नीट धरा."

एका रविवारी मी तिच्याबरोबर धरणगावला गेले. खाटेवर पडलेले आबा अचानक अहिराणीत म्हणाले, "माले दखाड ना तुना नाच." त्यांनी तो फोटोंतच पाहिला होता. तिच्या आईने धान्याची पोती बाजूला सारली. उज्ज्वलाने मोबाइलवर संगीत लावलं आणि अनवाणी नाचली. शेवटी उडी घेतली. खाली आली तेव्हा फरशीचा आवाजही झाला नाही.

आबांचे डोळे वाहत होते. "हाई करासाठे इतली दूर गयती व तू?"

"हो, आबा."

"आते समजनं माले." मग थांबून म्हणाले, "आखो एकदाव."

तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते. तरी ती हसली आणि पुन्हा उडाली. या वेळी पडली ती उठलीच नाही. "पाय घसरला, आबा," पडल्यापडल्याच ती म्हणाली.

तिला जळगावच्या दवाखान्यात हलवलं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती तिथेच पडून असताना आबा गेले. तिला अंत्ययात्रेलाही जाता आलं नाही.

"दुसऱ्यांदा नाही म्हणायचं होतंस," मी चिडून म्हणाले.

"आबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, ताई."

नोकरी सुटली. आता ती धरणगावला आईजवळ असते, वॉकर धरून चालते. मागच्या महिन्यात भेटायला गेले, तर टीव्हीवर कुठलासा नाच लागला होता. तिने तो बंद केला.

"संपलंय हे डोक्याला कळलंय, ताई," मांडीवरून हात फिरवत ती म्हणाली. "अंगाला अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही."