केरूचे सात गोटे

केरूला मी सव्वीस वर्षं ओळखते, आणि त्यातली पंचवीस वर्षं मला वाटत होतं की मी त्याला पुरती ओळखते. मानवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई मी. माणसं समजून घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे गैरसमजही पगारी.

केरू पेठ तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका पाड्याचा. त्याच्या जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्याबद्दल एकदा छापलं ते पुष्कळ झालं. आठवी शिकलेला, उंच, हडकुळा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा. १९९८ साली मी संशोधनासाठी त्या पाड्यावर गेले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मला तिथली बोली येईना आणि त्याला मराठी चांगलं येत होतं, म्हणून तो माझा दुभाष्या झाला. मी त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं, त्याने मला ताई म्हटलं, आणि ते तसंच राहिलं.

पुढे तो नाशिक रोडला एका सोसायटीत वॉचमन झाला. जिन्याखालच्या खोलीत बायको मैना आणि एकुलती मुलगी सृष्टी. पण संशोधकांच्या जगात केरूचं नाव झालं होतं. वर्षातून दोन-तीनदा कुणी ना कुणी यायचा, आणि केरू रजा टाकून त्याच्याबरोबर डोंगरात जायचा.

लोकांना वाटतं, मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजणं. तेही झालं. केरूचं डोकं मोजून झालं, बोटातलं रक्त देऊन झालं, अलीकडे नळीत थुंकूनही झालं. पण त्याने काय काय पाहिलं म्हणून सांगू! एकाला फक्त मामा-भाच्याच्या नात्यात रस. एक बाई द्राक्षाच्या बागेत खुडणीला जाणाऱ्या बायकांबरोबर महिनाभर राहिली. एकाला ओझरच्या कारखान्यातले कामगार यंत्रांना नावं देतात का, हे हवं होतं. एकाने सिंहस्थात हरवलेल्यांच्या नावांचा पुकारा करणाऱ्या भोंग्याचा अभ्यास केला. एक जण म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून ते मोबाइलवर काय बघतात ते बघायचा. एक मुलगी पाड्यावरच्या कुत्र्यांवर पीएच.डी. करत होती, माणसांना तिने एकही प्रश्न विचारला नाही, आणि केरूच्या मते सगळ्यांत बरी तीच. मागच्या वर्षी एक आला, त्याचा विषय होता सरकारी कार्यालयात रांगेत उभ्या माणसाला काय वाटतं. केरू मला म्हणाला, "मी त्याला सांगितलं, वाटायचं काय त्यात, पाय दुखतात." त्याने तेही लिहून घेतलं म्हणे.

असा हा केरू. आम्ही सगळे त्याच्या खांद्यावर बसून प्राध्यापक झालो. आमच्या पुस्तकांत तो "एक स्थानिक मदतनीस" असतो. नाव बदलायचं असतं ना आम्हाला, त्याची ओळख जपायला.

तर सृष्टी बारावी झाली. अभ्यासू पोरगी. नर्सिंगच्या कॉलेजात राखीव जागेवर तिचा नंबर लागला, आणि मैनाने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. प्रवेश पक्का व्हायला एकच कागद हवा होता, जात पडताळणीचा. तो मुदतीत आला नाही तर जागा जाणार. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे दाखले असतात त्यांचं निभावतं. केरूचे आजोबा शाळेत गेले नाहीत, त्यांच्या नावावर जमीन नव्हती, ते जन्मले होते हे त्यांच्या आईला तेवढं ठाऊक. अशा वेळी अधिकारी प्रश्न विचारतात. देव कोणते, कुळी कोणती, लग्नात काय करता, मयतात काय करता. उत्तरं जमातीशी जुळली तर दाखला. आणि जमातीशी जुळणं म्हणजे पुस्तकाशी जुळणं.

केरू अगदी निर्धास्त होता. "ताई, ही परीक्षा तर आपल्या घरचीच," म्हणाला. सृष्टी नाशिक रोडला वाढली खरी, पण प्रत्येक सुटीत ती पाड्यावर आजीकडे, म्हणजे केरूच्या आईकडे, साळूबाईकडे असायची. बोली ती खडाखडा बोलते. तीन वर्षांपूर्वी साळूबाई गेली तेव्हा पाचव्या दिवशी बायांबरोबर ओढ्यावर जाऊन जे करायचं असतं ते सृष्टीनेही केलं. तिला शिकवायचं काय?

ऑक्टोबरात केरू माझ्या इंदिरानगरच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि एक कागद पुढे केला. "ताई, यात तुमचं नाव हाय."

तो जात पडताळणी समितीचा निर्णय होता. दावा फेटाळला होता. जुने कागद नाहीत, हे एक कारण. दुसरं मी दोनदा वाचलं. मुलीने देव, कुळी, लग्न यांबद्दल समाधानकारक माहिती दिली. परंतु मृत्यूनंतर पळसाखाली सात गोटे मांडून त्यांवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे ठेवण्याचा जो जमातीचा सर्वांत महत्त्वाचा विधी, त्याबाबत तिने "आमच्यात असं काही नसतं" असे सांगितले. मग काय असते, असे विचारता "ते सांगायचं नसतं" असे उत्तर दिले. सबब अर्जदारास चालीरीतींची माहिती नाही. आणि खाली आधार म्हणून त्या जमातीवरचं माझं पुस्तक, पान क्रमांकासह.

मला लाज वाटते सांगायला, पण मी पहिल्यांदा चिडले ती सृष्टीवर. "अरे, तिला सात गोटे माहीत नाहीत? माझ्या पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण आहे ते! तू काय शिकवलंस तिला?"

केरूने माझ्या चपलांकडे बघतच कागद परत घेतला. मग म्हणाला, "ताई, ते गोटे मी मांडले व्हते."

"म्हणजे?"

"तुमी लय विचारायच्या. रोज. पाचव्या दिवशी बाया ओढ्यावर काय करतात, काय म्हणतात. आई म्हणाली, त्या बाईला सांगितलंस तर माझ्या मयताला येऊ नको. अन् तुमी म्हणायच्या, हे नाय मिळालं तर माझं काम अर्धं राहील. तुमी रडल्या पण व्हत्या एकदा. मला तुमचं वाईट वाटलं. मंग नदीवरनं गोटे आणले."

"पण मी फोटो काढलाय त्याचा!"

"हां. आधी सहाच व्हते. तुमी म्हणाल्या, एक बाजू मोकळी दिसते. मंग अजून एक आणला."

मी त्या सात आकड्यावर वीस पानं लिहिली होती. सात पिढ्या, सात कुळी, कुठून कुठे नेलं होतं मी ते! त्या प्रकरणाला पारितोषिक मिळालं, मुलांना परीक्षेत त्यावर प्रश्न आले. मी केरूला विचारलं, माझ्यानंतर एवढे संशोधक तुझ्याबरोबर गेले, एकालाही कळलं नाही?

"ते तुमचं वाचूनच यायचे ना. आल्या आल्या विचारायचे, गोटे कुठंय. मंग मांडावे लागायचे."

"मला नंतर तरी सांगायचंस."

"तुमाला बक्षीस मिळालं व्हतं. कसं सांगू? आणि पोरीला पुस्तकातलंच विचारतील हे मला कुठं माहीत. पुस्तक तर इंग्रजी. मैनाने देवाजवळ ठेवलंय ते." मग तो एकदम रडायला लागला, तोंडावर उपरणं दाबून. "पोरगी खरं बोलली, ताई. तिनं खरंच सांगितलं."

मी दोन दिवसांत प्रतिज्ञापत्र केलं, की माझ्या पुस्तकातला तो विधी खोटा आहे. ते घेऊन आम्ही तिघं, मी, केरू आणि सृष्टी, तिला प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. तरुण मुलगा होता. मला बघून उठून उभा राहिला. "मॅडम, तुमच्या पुस्तकावरच पास झालो मी," म्हणाला, आणि चहा मागवला. मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण त्याने तशी सोयच ठेवली नाही.

त्याने प्रतिज्ञापत्र नीट वाचलं. म्हणाला, "तुमच्यानंतर तिघांनी हा विधी स्वतः पाहून लिहिलाय. आता तुम्ही म्हणता खोटा. तेही सव्वीस वर्षं तुमच्या ओळखीतल्या माणसाच्या मुलीसाठी. वरिष्ठांना मी काय लिहू, तुम्हीच सांगा. बरं, समजा खोटा. मग खरा कोणता? तो सांगा, मी फेरविचारासाठी टिपण पाठवतो."

मला काय माहीत खरा कोणता! मी केरूकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती होती. नव्हती असं मी म्हणणार नाही.

सृष्टीला कळलं. ती म्हणाली, "पप्पा, नको. जागा गेली तर जाऊ दे. आजी काय म्हणाली होती?"

केरू उठून उभा राहिला, हात जोडले, आणि टेबलाच्या कडेकडे बघत सांगायला लागला. आधी त्यांच्या बोलीत, मग मराठीत. पाचव्या दिवशी काय करतात, कोण करतं, गेलेल्याला काय म्हणतात. मध्ये आईचं नाव आलं तेव्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. पाच-सात मिनिटं लागली असतील. सृष्टी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती रडतेय.

अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग फार मऊ आवाजात त्याने विचारलं, "याला संदर्भ कुठला?"

संदर्भ कुठून असणार? आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, जे कुठेच नोंदलेलं नाही ते मी कशाच्या आधारावर धरू?" तीस वर्षं मी वर्गात हेच शिकवत आले. त्याच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं.

टिपण गेलं, उत्तर आलं नाही. कोर्टात जाता येतं, असं सगळे सांगतात. जाता येतंच. कॉलेजची मुदत मात्र नोव्हेंबरात संपली आणि जागा दुसरीला गेली. सृष्टी आता नाशिक रोडला एका औषधांच्या दुकानात उभी असते. बापाशी बोलत नाही. जागेचं तिला तेवढं नाही, मैना सांगते; त्याने सांगितलं याचं आहे. मैनाने पाड्यावर कुणाला काही कळू दिलेलं नाही, पण केरू आपण होऊन तिकडे जायचा थांबलाय. गेल्या महिन्यात त्याचा चुलता वारला, तेव्हाही गेला नाही. संशोधकांचे फोन तो उचलत नाही. माझा उचलतो, तेही मला सोसत नाही.

एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मीच टाळत होते. त्या दिवशी केरू टेबलासमोर उभा राहून आईचं सांगत होता, त्याची मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती, तेव्हा मी लिहून घेत होते. माझ्याही लक्षात आलं नाही. प्रतिज्ञापत्राच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला, बारीक अक्षरात, सगळं, क्रमाने. बाहेर जिन्यात आल्यावर मी तो कागद घाईघाईने पर्समध्ये कोंबायला गेले आणि केरूने पाहिला.

तो थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"नीट आलं का समदं, ताई?" त्याने विचारलं. "का परत सांगू?"